ब्रेक लावताच गाडी डावीकडे तिरकी होते आणि दर पावसाळ्यात तेच दुखणे परत येते: जुन्या आलिशान गाडीची रस्त्यावरची तपासणी

पुण्यातील प्रभात रस्त्यावरील एका कुटुंबाकडे १९५७ सालची रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउड आहे. या गाडीची तक्रार सलग तीन वर्षे एकच होती. घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते. उन्हाळ्यात ती व्यवस्थित चालत असे, जुलै उजाडला की हळूहळू दोष दिसू लागे आणि गणपतीपर्यंत तो इतका वाढे की मालक ती बाहेर काढणेच सोडून देत. पूर्वीच्या गॅरेजात पुढचे लायनर (ब्रेकमधील घासले जाणारे अस्तर) दोनदा बदलले गेले होते, पुढचे रबरी होज पाइप नवे बसवले होते, ड्रम (चाकाबरोबर फिरणारी वाटी, जिच्यावर आतून लायनर दाबले जातात) लेथवर कातून घेतले होते आणि ब्रेकची हवा तर किती वेळा काढली याची गणतीच नव्हती. प्रत्येक वेळी गाडी गल्लीत एक फेरी मारून "आता ठीक आहे" म्हणून परत दिली जात असे आणि त्या क्षणी ती खरोखरच ठीक असे.

माझ्या मते चूक त्या एका फेरीत होती. थंड गाडी दोन किलोमीटर चालवून ब्रेक, शॉकअप आणि ॲक्सल यांपैकी कशाचीही खरी परीक्षा होत नाही. सुमारे दोन टन वजनाच्या या गाडीतील तेल, रबर, लायनर आणि लोखंड पूर्ण तापल्यावर वेगळे वागतात, आणि ब्रेक, शॉकअप व ॲक्सल हे तिन्ही भाग एकमेकांचे दोष झाकतात किंवा एकमेकांवर ढकलतात. म्हणून तिघांची तपासणी एकाच प्रवासात, ठरलेल्या क्रमाने आणि तापलेल्या अवस्थेत झाली पाहिजे.

आधी गाडीची रचना समजून घ्यावी

सिल्व्हर क्लाउडला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आजच्या गाड्यांप्रमाणे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर तिला नाही. तिचा सर्व्हो, म्हणजे पेडलच्या दाबाला जोड देणारे यंत्र, यांत्रिक असून तो गिअरबॉक्सकडून फिरवला जातो. त्यामुळे चाके फिरत असतील तरच त्याची मदत मिळते आणि अगदी मुंगीच्या वेगाने पार्किंगमध्ये शिरताना पेडल लाकडासारखे कठीण लागते. हा दोष नव्हे. ही गोष्ट ठाऊक नसलेले कारागीर याच कारणासाठी सर्व्हो उघडतात आणि चांगले चाललेले यंत्र बिघडवून ठेवतात. मागच्या ब्रेकला हायड्रॉलिक दाबाच्या जोडीला रॉडची यांत्रिक जोडणीही आहे, म्हणून मागच्या चाकांवर शंका आली तर केवळ हवा काढून भागत नाही.

पुढच्या शॉकअपचे काम झटके शोषण्यापुरते नाही. त्यांचे दंड हेच पुढच्या चाकाचे वरचे विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारे हात, आहेत. शॉकअपच्या स्पिंडलला (दंड ज्यावर फिरतो त्या आसाला) खेळ आला की चाकाचा कोनही बदलतो, आणि अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी ते टिकत नाही. मागे कमानपाटे आणि सलग ॲक्सल आहे. ॲक्सलच्या एका बाजूला तिला आवरणारा झेड आकाराचा दांडा चासीशी जोडलेला आहे. मागचे शॉकअप स्टिअरिंगजवळच्या स्विचने विजेवर मऊ किंवा कडक करता येतात.

रस्ता, वेळ आणि परवानगी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, पण देखभाल, इंधन, प्रदर्शन आणि रॅली यांसाठी चालवता येते. तपासणीचा प्रवास देखभालीतच मोडतो. तरीही कागदपत्रे आणि विमा गाडीतच ठेवावा.

मी रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. सपाट भागाची तपासणी भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याच्या आवारात, मालकांच्या परवानगीने करतो, कारण हात सैल सोडून ब्रेक दाबण्याचा प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर करणे योग्य नव्हे. घाटाची तपासणी कात्रजच्या जुन्या घाटात होते. कात्रजहून चढून जुना बोगदा ओलांडायचा, शिंदेवाडीकडे उतरायचे, खेड शिवापूरपर्यंत जायचे आणि त्याच घाटाने परतायचे. पुण्याकडची शेवटची उतरण आली की ॲक्सल, ब्रेक आणि शॉकअप तिन्ही चांगले तापलेले असतात. नेमकी हीच अवस्था मला हवी असते. सोबत एक माणूस मागच्या सीटवर बसवावा. मागच्या चाकांचे आवाज आणि उड्या चालकापेक्षा त्याला अधिक नीट कळतात. निघण्यापूर्वी टायर थंड असताना चारही चाकांतील हवा स्वतः मोजावी. "कालच भरली आहे" या शब्दावर विसंबू नये.

एक गोष्ट, तीन प्रसंग

गाडी "ओढते" ही तक्रार ऐकली की तिचे तीन प्रसंग वेगळे करावेत. ताशी पन्नास किलोमीटरच्या स्थिर वेगाने सरळ जाताना गाडी कुठे जाते, ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना कुठे जाते, आणि ब्रेक दाबताना कुठे जाते हे पाहावे. हेच तिन्ही प्रसंग एकदा गुळगुळीत डांबरावर आणि एकदा लहरी पडलेल्या रस्त्यावर करून पाहावेत. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डाव्या कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे निर्दोष गाडीही सैल सोडली तर किंचित डावीकडे सरकते. म्हणून रस्त्याच्या माथ्यावरून, म्हणजे मधोमध, चालवूनच निर्णय घ्यावा आणि त्यासाठी रस्ता मोकळा हवा. या गाडीच्या बाबतीत पूर्वीच्या गॅरेजचा गोंधळ बहुधा इथेच सुरू झाला असावा, कारण दोषही डावीकडचाच होता.

ॲक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना गाडीची शेपूट विरुद्ध दिशांना हलत असेल, तर ॲक्सल आपल्या जागी घट्ट बसलेली नाही असे समजावे. ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट सैल असतात, पाट्यांचा मधला बोल्ट तुटलेला असतो किंवा झेड दांड्याचे बुश गेलेले असतात. नवे पाटे बसवल्यावर ते दबून बसतात आणि यू-बोल्ट आपोआप सैल होतात, म्हणून काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळलेच पाहिजेत. गुळगुळीत रस्त्यावर गाडी सरळ थांबते, पण लहरी रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक टप्‌टप्‌ उडते आणि गाडी तिरकी होते, अशा वेळी संशय शॉकअपवर घ्यावा. गुळगुळीत रस्त्यावरही ब्रेक दाबताच गाडी वळत असेल तरच दोष ब्रेकचा.

यापुढची खूण माझ्या अनुभवात सर्वांत मोलाची ठरली आहे, आणि ती हातांनाच कळते. दोष पुढच्या ब्रेकचा असेल तर ब्रेक दाबताक्षणी स्टिअरिंग हातात ओढ घेते आणि बोटांना ती ओढ स्पष्ट जाणवते. दोष मागच्या ब्रेकचा असेल तर स्टिअरिंग शांत राहते आणि गाडीच बसल्या जागेखालून किंचित फिरल्यासारखी वाटते. पोटात कळते, हातात कळत नाही. या क्लाउडचे स्टिअरिंग पूर्ण शांत होते. तीन वर्षे पुढच्या चाकांवर केलेला सगळा खर्च चुकीच्या टोकाला झाला होता.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट फसवते. रात्रभर दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक एखाद्या बाजूला जोरात धरतात. तिसऱ्या-चौथ्या ब्रेकनंतर हे थांबते. त्यावरून निदान करू नये आणि त्यावर खर्चही करू नये.

घाटात काय दिसले

चढताना आणि शिंदेवाडीकडे पहिल्यांदा उतरताना गाडी जवळजवळ सरळ थांबत होती. परतीच्या उतरणीवर, साधारण पंचेचाळीस किलोमीटर झाल्यावर, दोष ठळकपणे प्रकट झाला. गिअर तिसऱ्यात ठेवला होता. घाट चौथ्यात उतरू नये, कारण सगळा भार ब्रेकवर येतो आणि मग आपण दोष तपासत नसतो, नवा निर्माण करत असतो. वळणापूर्वी पेडल समान जोराने दाबले की गाडीचे नाक डावीकडे वळे, आणि पेडल सोडले की लगेच सरळ होई.

उतरण संपल्यावर रुंद, सपाट जागा पाहून गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रमचे तापमान मोजले. पुढचा डावा ११८ अंश, पुढचा उजवा १२१, मागचा डावा ९४ आणि मागचा उजवा ६३ अंश सेल्सिअस. मागचे उजवे चाक ब्रेकच्या कामात पुरेसा वाटा उचलत नव्हते. त्यामुळे डावी बाजू जास्त थांबत होती आणि गाडी डावीकडे फिरत होती. हाच आकडा उलट, म्हणजे एक ड्रम इतरांपेक्षा फार गरम निघाला असता, तर ब्रेक सुटत नाही असे समजून रबरी होज तपासला असता. असा होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बंद होतो. पेडलचा दाब त्यातून पुढे जातो, मात्र तेल परत येत नाही. अशा वेळी त्या चाकाचे हवा काढण्याचे निपल सैल करताच तेलाची बारीक चिळकांडी उडते आणि चाक मोकळे होते.

मागचे उजवे चाक आपला वाटा का उचलत नाही, हा प्रश्न उरला. चाकाच्या आतल्या बाजूने बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खालच्या कडेला ओल दिसत होती. तिथे तीन वेगवेगळी तेले येऊ शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी तेल ओळखावे. एका स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन त्यात त्या ओलीचा थेंब सोडावा. ब्रेकचे तेल ग्लायकॉलचे असल्याने पाण्यात मिसळून जाते, तर ॲक्सलचे आणि शॉकअपचे तेल वर तरंगते. या दोहोंपैकी ॲक्सलच्या हायपॉइड तेलाला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास असतो आणि ते बोटांत दाट लागते. शॉकअपचे तेल पातळ असते आणि त्याला तसा वास नसतो. आमच्या वाटीत थेंब तरंगला आणि वासाने बाकीचे सांगून टाकले.

खरे कारण

ॲक्सलमधले तेल अडवणारे ऑइल सील नवे होते. मालकांकडे बिल होते, आणि त्याआधीच्या वर्षीच्या सीलचेही बिल होते. नवे सील चार महिन्यांत गळत असेल तर सीलला दोष देण्याआधी त्याच्यामागे दाब का तयार होतो हे शोधावे. ॲक्सलचे हाउसिंग तापले की आतील हवा प्रसरण पावते. तिला बाहेर जायला हाउसिंगवर एक लहान ब्रीदर दिलेला असतो. तो बुजला तर हवा जिथे वाट मिळेल तिथून तेलाला ढकलत बाहेर पडते, आणि सर्वांत सोपी वाट सीलच्या ओठाखालून थेट ब्रेकच्या ड्रममध्ये जाते.

याची चाचणी सोपी आहे, पण ती गाडी तापलेली असतानाच होते. हातमोजे घालून ॲक्सलचा तेल भरण्याचा प्लग अगदी पाव-पाव फेरा सैल करावा आणि चेहरा बाजूला ठेवावा. प्लग सैल होताच आमच्या गाडीतून फुस्स असा लांब आवाज आला, सोड्याची बाटली उघडावी तसा. हाउसिंग वरून चाचपले तेव्हा ब्रीदर हाताला लागेना. काळ्या, रबरासारख्या थराखाली तो गाडला गेला होता.

गाडीला दर मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी गंजरोधक अंडरकोटिंग मारले जात होते. हेतू चांगलाच होता, पण फवारा मारणाऱ्याने ब्रीदर कधी झाकला नाही आणि कधी पुसलाही नाही. म्हणून मे महिन्यात ब्रीदर बंद होई, जूनमध्ये लायनर हळूहळू तेल पिऊ लागे आणि जुलैपासून दोष दिसू लागे. पावसाळ्याचा या बिघाडाशी थेट संबंध नव्हता. संबंध पावसाळ्याच्या तयारीशी होता. त्याच्या जोडीला तेलाची पातळीही जास्त होती. गाडी एका बाजूने जॅकवर उचललेली असताना पातळी पाहिली की तेल दुसऱ्या टोकाला वाहते, प्लगजवळ कमी दिसते आणि भरणारा आणखी ओततो. पातळी नेहमी सपाट जमिनीवर, चारही चाके खाली असताना पाहावी.

दुरुस्ती

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊनच चाक उघडावे. केवळ जॅकवर विसंबून या वजनाच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. म्हणून ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरची हवा मारून कधीही उडवू नये. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत आजही हवा मारली जाते, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरसवदा मदतनिसाच्या छातीत ती धूळ जाते. हे मला फार खटकते.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन स्टोव्हवर भाजण्याची पद्धतही सोडून द्यावी. वरचा भाग कोरडा दिसतो, पण ब्रेक तापला की आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. आम्ही मागच्या दोन्ही चाकांचे शूज (लायनर बसवलेल्या कमानी) काढून नाना पेठेत नवे लायनर रिबीट करून घेतले. खराब एकाच बाजूचे असले तरी दोन्ही बाजूंचे एकाच जातीचे बदलावे लागतात, नाहीतर नव्या-जुन्याचा फरकच गाडीला ओढतो. ब्रीदर काढून केरोसिनमध्ये भिजवला, तारेने मोकळा केला आणि तोंडाने फुंकून हवा आरपार जाते याची खात्री केली. सील बसवताना त्याची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवली. शाफ्टवर जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे नखाने चाचपले. नख अडकेल इतकी खाच असती तर नवे सीलही टिकले नसते आणि शाफ्टवर स्लीव्ह चढवावी लागली असती. सुदैवाने तशी खाच नव्हती.

ब्रेकचे तेलही बदलले. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश असतो आणि ओल शोषल्यावर त्याची मर्यादा १५५ अंशांवर येते. वर्षातले चार महिने दमट असणाऱ्या शहरात, फारशी न चालणाऱ्या गाडीतही दोन वर्षांहून जुने तेल ठेवू नये असे माझे ठाम मत आहे, कारण तेल ओल शोषते ते गाडी उभी असतानाही.

दुसरी फेरी, आणि उरलेला दोष

त्याच मार्गाने पुन्हा गेलो. परतीच्या उतरणीनंतर मागचे दोन्ही ड्रम ९२ आणि ९० अंशांवर होते आणि गुळगुळीत रस्त्यावर गाडी सरळ थांबली. तरीही घाटाच्या पायथ्याशी रस्ता लहरी झालेला होता, तिथे ब्रेक दाबताच मागच्या सीटवरील सहकाऱ्याने उजव्या बाजूला टप्‌टप्‌ ऐकली. हा दुसरा दोष पहिल्याच्या आड लपलेला होता. ब्रेक पकडतच नव्हता तोवर चाक उडण्याचे कारण नव्हते.

या जातीच्या शॉकअपची परीक्षा बंपरवर वजन टाकून, गाडी दाबून होत नाही. बहुपदरी पाट्यांचे आपसातले घर्षणच इतके असते की शॉकअप रिकामा असला तरी गाडी लगेच स्थिर होते. त्याऐवजी खालची लिंक सोडवून दंड हाताने वर-खाली करावा. प्रतिकार दोन्ही दिशांना पहिल्या इंचापासून सारखा लागला पाहिजे. आमच्या मागच्या उजव्या शॉकअपचा दंड सुरुवातीला लोण्यासारखा सरके आणि नंतर धरे, म्हणजे आत तेल कमी होऊन हवा शिरली होती. स्पिंडलच्या ग्लँडमधून (तेल अडवणाऱ्या सीलमधून) तेल झिरपून गेले होते. ग्लँड बदलून नेमून दिलेले शॉकअपचे तेल भरले आणि दंड सावकाश बराच वेळ वर-खाली करून हवा काढली. तिथे इंजिन ऑइल भरू नये. ते थंडीत फार घट्ट होते आणि शॉकअपच्या आतल्या बारीक छिद्रांचा हिशेबच चुकतो. इग्निशन चालू करून मऊ-कडक स्विच फिरवला तेव्हा दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला, म्हणून विजेचा भाग उघडला नाही.

तिसऱ्या फेरीत लहरी रस्त्यावरही चाक जमिनीला धरून राहिले.

पुढच्या मे महिन्यात अंडरकोटिंगच्या दिवशी मी स्वतः तिथे गेलो. फवारा सुरू होण्याआधी ब्रीदरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला, ड्रमच्या आणि बॅकप्लेटच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि काम संपताच दोन्ही काढून टाकले. ऑक्टोबरमध्ये मागचे ड्रम उघडून पाहिले. उजव्या बाजूच्या लायनरवर कोरडी, करडी धूळ होती आणि बॅकप्लेटची खालची कड बोटाने पुसली तर बोट स्वच्छ निघाले.